लिनक्सची फाइल सिस्टिम बिघडली तर? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगावात संगणक दुरुस्तीचं काम करताना एक गोष्ट दरवर्षी दिसते. मृगाच्या आधीची वादळं सुरू झाली, रावेर-यावलकडे केळीच्या बागा आडव्या व्हायला लागल्या, की आमच्याकडेही फोन वाढतात. "भाऊ, काळ्या स्क्रीनवर काहीतरी लिहून आलंय, पुढे जातच नाही." काय व्हयनं होतं, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: "काही नाही हो, फक्त लाइट गेली होती." तेच तेच प्रश्न फोनवर ऐकून इथे एकदाच उत्तरं लिहून ठेवली आहेत.

कमांड फोनवर सांगतो तशाच, उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाकायच्या. जिथे मोठं अक्षर लागतं तिथे तसं सांगितलं आहे. सुरुवातीचं सुडो म्हणजे पुढची कमांड व्यवस्थापकाच्या अधिकाराने चालवणं. फाइल सिस्टिम तपासून दुरुस्त करणारी कमांड म्हणजे एफएससीके. ही चार अक्षरं आहेत: एफ, एस, सी, के.

फाइल सिस्टिम बिघडते म्हणजे नेमकं काय बिघडतं?

अडत्याच्या दुकानातली खतावणी डोळ्यांसमोर आणा. गोदामात माल वेगळा, वहीतली नोंद वेगळी. डिस्कवरही तसंच आहे. तुमच्या फाइलीतला मजकूर ब्लॉकमध्ये पडलेला असतो. तो कुठल्या ब्लॉकमध्ये आहे, किती मोठा आहे, मालक कोण, हे आयनोड नावाच्या नोंदीत असतं. फाइलचं नाव फोल्डरच्या यादीत असतं. कुठले ब्लॉक रिकामे आणि कुठले भरलेले याचा एक नकाशा वेगळा असतो. आणि या सगळ्या वहीचं पहिलं पान म्हणजे सुपरब्लॉक.

एक फाइल पुसायची तरी यातल्या तीन-चार ठिकाणी खाडाखोड करावी लागते. ती अर्ध्यावर असताना लाइट गेली, तर एका पानावर माल विकला आणि दुसऱ्या पानावर माल शिल्लक, अशी स्थिती होते. एफएससीके ही वही जुळवून देते. गोदामातला माल तपासत नाही, हे पहिल्यांदाच लक्षात घ्या. वही जुळली म्हणजे तुमची फाइल शाबूत आहे, असं नव्हे.

जर्नल असतं ना? मग लाइट गेल्याने बिघाड व्हायलाच नको.

बरोबर आहे, बहुतेक वेळा होतही नाही. जर्नल म्हणजे आपली कीर्द. आधी कीर्दीत नोंद, मग खतावणीत. लाइट आल्यावर यंत्रणा कीर्द वाचते, पुरी झालेली नोंद खतावणीत चढवते, अर्धवट असेल ती सोडून देते. ईएक्सटी ही लिनक्सची नेहमीची फाइल सिस्टिम; तिच्यात ही सोय ईएक्सटी३ मुळे २००१ मध्ये लिनक्सच्या मुख्य कर्नेलमध्ये, म्हणजे गाभ्यात, आली आणि २००८ मध्ये ईएक्सटी४ स्थिर ठरल्यावर तीच पुढे चालू राहिली. त्याआधी ईएक्सटी२ वर लाइट गेली की दर वेळी अख्खी डिस्क तपासायची, चहा पिऊन यायचा, तरी चालूच.

पण ईएक्सटी४ ची कीर्द नेहमीच्या मांडणीत फक्त नोंदींची असते, मजकुराची नाही. शिवाय कीर्द प्रामाणिक राहायची तर डिस्कनेही प्रामाणिक राहायला हवं. काही स्वस्त पेनड्राइव्ह आणि कार्डं "लिहिलं" म्हणून सांगतात आणि माल अजून दारातच असतो. त्यात सेक्टर खराब असतील, रॅम चुकीचं वाचत असेल, साटा केबल ढिली असेल, तर कीर्द काय करणार? म्हणून ईएक्सटी४ असूनही बिघाड झाला, तर मी लाइटीवर लगेच विश्वास ठेवत नाही. लाइट नेहमीचीच जाते, मग आजच का बिघडलं, हा प्रश्न आधी.

बिघाड झालाय हे कशावरून ओळखायचं?

सर्वांत नेहमीची खूण म्हणजे फाइल सेव्ह करताना "रीड-ओन्ली फाइल सिस्टिम" असा संदेश. उबंटूसारख्या लिनक्समध्ये मूळ पार्टिशनवर, म्हणजे डिस्कच्या ज्या भागावर लिनक्स स्वतः असतं तिथे, चूक सापडली की कर्नेल स्वतःहून लिहिणं थांबवतं आणि पार्टिशन फक्त वाचण्यापुरतं ठेवतं. लोकांना वाटतं परवानगीचा घोळ आहे, मग परवानगी बदलणारी सीएचमॉड कमांड मारत बसतात. तसं करू नका, ते आणखी नुकसान होऊ नये म्हणूनच थांबलेलं असतं.

दुसरी खूण: "स्ट्रक्चर नीड्स क्लीनिंग" किंवा "इनपुट/आउटपुट एरर". हे दोन संदेश सारखे नाहीत. पहिला वहीचा घोळ सांगतो, दुसरा बहुतेकदा डिस्कच वाचता येत नाही असं सांगतो. फोल्डरची यादी पाहताना फाइलच्या नावाआधी प्रश्नचिन्हं दिसली तर तोही वहीचाच घोळ.

तिसरी, मशीन सुरू होताना काळ्या स्क्रीनवर "अनएक्स्पेक्टेड इनकन्सिस्टन्सी, रन एफएससीके मॅन्युअली" येतं आणि खाली कंसात इनिटरॅमएफएस असं लिहिलेला प्रॉम्प्ट लुकलुकत राहतो. फोनवरची "काळी स्क्रीन" ती हीच.

कर्नेल काय म्हणतंय ते पाहायला:

सुडो डीमेसग

त्यात एटीए, आय/ओ एरर, अनकरेक्टेबल असे शब्द दिसले तर पुढचा प्रश्न वाचल्याशिवाय हात लावू नका.

मग लगेच एफएससीके चालवू का?

नाही. या पानावरचं एकच वाक्य वाचायचं असेल तर हे वाचा: मरायला टेकलेल्या डिस्कवर दुरुस्ती करू नका, आधी तिची प्रत काढा.

एफएससीके डिस्कभरच्या नोंदी पालथ्या घालते आणि वर लिहितेही. डिस्क तंदुरुस्त असेल तर हरकत नाही. आजारी असेल तर तो शेवटचा धक्का ठरू शकतो. म्हणून आधी डिस्कची नाडी पाहायची. स्मार्टमॉनटूल्स हे पॅकेज टाका आणि:

सुडो स्मार्टसीटीएल -ए /डेव्ह/एसडीए

लांबलचक तक्ता येतो. त्यातल्या चार ओळी पुरे. ५ क्रमांकाची ओळ म्हणजे बदलून टाकलेले खराब सेक्टर, १९७ म्हणजे वाचता न आलेले आणि निकाल लागायचा असलेले सेक्टर, १९८ म्हणजे चाचणीत वाचताच न आलेले. या तिन्हींपुढे शेवटच्या रकान्यात शून्य असावं. १९७ मध्ये आकडा असेल आणि तो रोज वाढत असेल, तर ती डिस्क गेली असं धरून चाला. १९९ क्रमांक मात्र वेगळा आहे. तिथे आकडा वाढत असेल तर डिस्क नव्हे, बहुतेकदा केबल खराब असते. पन्नास-शंभर रुपयांची केबल बदलून मी कितीतरी "मेलेल्या" डिस्क उठवल्या आहेत. एनव्हीएमई एसएसडीत हा तक्ता वेगळा दिसतो. तिथे "मीडिया अँड डेटा इंटेग्रिटी एरर्स" ही ओळ बघा.

प्रत काढायला डीडीरेस्क्यू. उबंटूत पॅकेजचं नाव जी लावून, जीडीडीरेस्क्यू, असं आहे. कमांड मात्र जी शिवाय. बाहेरच्या मोठ्या डिस्कवर अशी प्रत घ्यायची:

सुडो डीडीरेस्क्यू -एन /डेव्ह/एसडीबी१ /एमएनटी/प्रत.आयएमजी /एमएनटी/प्रत.मॅप

पहिल्या फेरीत ते चांगला भाग भराभर उचलतं आणि अडेल तिथे वाद न घालता पुढे जातं. नंतर -एन काढून, -आर३ घालून तीच कमांड पुन्हा दिली की राहिलेल्या जागा तीन-तीनदा खरवडून बघतं. मॅप फाइल जपा. मध्येच लाइट गेली तर तिच्याच जोरावर काम थांबलं तिथून पुढे सुरू होतं. बाहेरची डिस्क एफएटी३२ असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर मावत नाही, म्हणून ती आधी ईएक्सटी४ करून घ्या. ही प्रत हाताशी आली की एफएससीके डिस्कवर न चालवता थेट त्या आयएमजी फाइलवरही चालते. त्याहून चांगलं म्हणजे प्रतीची आणखी एक प्रत, आणि प्रयोग तिच्यावर.

चालू पार्टिशनवर एफएससीके का चालवायची नाही?

कारण मुनीम खतावणीत लिहीत बसलेला असताना दुसऱ्याने मागून येऊन तीच पानं दुरुस्त करायची, असा तो प्रकार होतो. कर्नेलने नोंदींची एक प्रत मेमरीत ठेवलेली असते. एफएससीके खाली डिस्कवर काहीतरी बदलते, कर्नेलला ते कळत नाही आणि थोड्या वेळाने ते आपली जुनी प्रत वरून लिहून मोकळं होतं. चांगली वहीसुद्धा यात बिघडते.

हे मी पुस्तकात वाचून शिकलेलो नाही. धंद्याच्या सुरुवातीला एका छापखान्यात लग्नपत्रिकांच्या डिझाइनचं पार्टिशन तपासताना "इट इज माउंटेड, डू यू रिअली वाँट टू कंटिन्यू" असा प्रश्न आला आणि मी घाईत वाय दाबलं. पार्टिशन ठीकच होतं, मीच ते बिघडवलं. ऐन लग्नसराईत त्या माणसाने मला एक शब्दही बोलला नाही, आणि तेच जास्त लागलं. तो प्रश्न आला की उत्तर एनच.

आधी पार्टिशन सोडवून, म्हणजे अनमाउंट करून, घ्या:

सुडो यूमाउंट /डेव्ह/एसडीबी१

या स्पेलिंगमध्ये यू नंतर एन नाही. फोनवर निम्मा वेळ यातच जातो. "टार्गेट इज बिझी" आलं तर कुठलातरी प्रोग्रॅम तिथली फाइल धरून बसलाय. बहुतेकदा तुम्ही स्वतःच टर्मिनलमध्ये त्या फोल्डरात उभे असता.

कुठलं पार्टिशन तपासायचं ते कसं कळणार?

एलएसबीएलके -एफ

ही कमांड सगळी पार्टिशनं, त्यांचा प्रकार आणि ती कुठे जोडली आहेत ते दाखवते. साटा डिस्क एसडीए, एसडीबी अशा दिसतात, पार्टिशन एसडीए१, एसडीए२ अशी. एनव्हीएमई असेल तर एनव्हीएमई०एन१पी२ असं लांबलचक नाव. रास्पबेरी पायचं कार्ड एमएमसीबीएलके०पी२. पेनड्राइव्ह लावला-काढला की ही नावं बदलू शकतात, म्हणून आकारमान बघून खात्री करा. एफएससीके पार्टिशनवर चालवायची, अख्ख्या डिस्कवर नाही. पार्टिशन कूटबद्ध असेल तर आधी क्रिप्टसेटअपने उघडायचं आणि आतल्या भागावर तपासणी करायची.

पण मूळ पार्टिशन तर सोडवताच येत नाही. त्याचं काय?

तीन वाटा आहेत.

इनिटरॅमएफएसच्या प्रॉम्प्टवर अडकला असाल तर तुमचं काम आधीच सोपं झालंय, कारण मूळ पार्टिशन अजून जोडलेलं नाही. वरच्या ओळींत त्याचं नाव असतं. ते बघून "एफएससीके /डेव्ह/एसडीए२" द्या, झाल्यावर "एक्झिट" टाइप करा, मशीन पुढे जाते.

दुसरी वाट लाइव्ह पेनड्राइव्हची. कुठल्याही उबंटूच्या पेनड्राइव्हवरून सुरू करून "ट्राय" निवडा, फाइल मॅनेजरमध्ये त्या डिस्कवर क्लिक करू नका, नाहीतर ती जोडली जाते. मग टर्मिनल. मला हीच वाट पसंत आहे, कारण इथे स्मार्टचा तक्ताही बघता येतो आणि प्रतही काढता येते.

तिसरी, मशीन सुरू होते पण शंका आहे, किंवा सर्व्हर दूर आहे, तेव्हा. मशीन सुरू होताना येणाऱ्या ग्रबच्या मेन्यूत ई दाबा, लिनक्स शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी हे जोडा आणि एफ१० दाबा:

एफएससीके.मोड=फोर्स एफएससीके.रिपेअर=येस

हा बदल तेवढ्या एका सुरुवातीपुरताच टिकतो.

ईएक्सटी४ साठी नेमकी कमांड काय, आणि त्या पाच पायऱ्या कसल्या?

एफएससीके स्वतः काही करत नाही, प्रकार बघून योग्य माणसाला बोलावते. ईएक्सटी कुटुंबासाठी तो माणूस म्हणजे ई२एफएससीके. आधी नुसतं बघून घ्या:

सुडो ई२एफएससीके -एफ -एन /डेव्ह/एसडीबी१

एन म्हणजे सगळ्या प्रश्नांना "नाही", काहीही लिहायचं नाही. एफ म्हणजे वरवर "क्लीन" दिसत असलं तरी तपास. एफ विसरलात तर एका सेकंदात "क्लीन" म्हणून मोकळी होते आणि लोक समाधानाने मशीन बंद करतात.

मग पाच पायऱ्या पळतात: आयनोड आणि ब्लॉक, फोल्डरची रचना, प्रत्येक फोल्डर मुळाशी जोडलाय का, प्रत्येक फाइलकडे बोट दाखवणारी नावं किती, आणि शेवटी रिकाम्या-भरलेल्या जागांचा नकाशा. चौथ्या-पाचव्या पायरीतल्या चुका आकड्यांच्या असतात, त्यांना घाबरायचं कारण नाही. पहिल्या पायरीतच "मल्टिप्लाय-क्लेम्ड ब्लॉक्स" आले, म्हणजे एकच ब्लॉक दोन फाइली आपला म्हणताहेत, तर थांबा आणि प्रत काढलीय का ते स्वतःला विचारा.

यादी पाहून समाधान झालं की एन काढून तीच कमांड द्या. ती प्रत्येक ठिकाणी विचारत जाते. दहा-वीस उत्तरांनंतर कंटाळा आला तर ए दाबा, पुढच्या सगळ्यांना "हो" धरते.

-वाय (सगळ्या प्रश्नांना "हो") लावून एकदाच सगळं दुरुस्त करून घेतलं तर चालेल ना?

प्रत काढली असेल तर खुशाल. शेकडो प्रश्न एकेक करून सोडवणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही आणि "आयनोड अमुक क्लिअर करू का" या प्रश्नाला जाणतं उत्तर देणंही सोपं नसतं. प्रत नसेल तर मात्र -वाय म्हणजे न वाचता सही. "क्लिअर" याचा अर्थ ती नोंद पुसणं, हे लक्षात ठेवा.

"बॅड मॅजिक नंबर इन सुपर-ब्लॉक" आलं. संपलं का सगळं?

आधी पार्टिशनचं नाव बरोबर आहे का ते बघा. माझ्या अनुभवात निम्म्या वेळा अख्खी डिस्क दिलेली असते किंवा पार्टिशन ईएक्सटी नसतंच. नाव बरोबर असेल तरी आशा आहे. सुपरब्लॉकच्या प्रती डिस्कवर ठिकठिकाणी ठेवलेल्या असतात. ब्लॉक ४ केबीचा असेल तर पहिली प्रत ३२७६८ वर, पुढच्या ९८३०४, १६३८४०, २२९३७६ वर. ती वापरायला:

सुडो ई२एफएससीके -बी ३२७६८ /डेव्ह/एसडीबी१

आकडे अर्थातच इंग्रजी टाका. इंटरनेटवर या जागा शोधायला एमकेएफएस -एन चालवा असं सांगतात. बरोबर आहे, पण त्यातलं -एन चुकून राहिलं तर पार्टिशन फॉरमॅट होतं. मी त्यापेक्षा वरचे आकडे पाठ करून ठेवलेत.

दुरुस्तीनंतर फाइली गायब आहेत आणि लॉस्ट+फाउंड मध्ये नुसते आकडे आहेत.

त्या तुमच्याच फाइली आहेत. फोल्डरच्या यादीतली नोंद गेली, म्हणजे नाव गेलं. आयनोड सापडला म्हणून # आणि त्याचा क्रमांक हेच नाव दिलं. फोल्डर अख्खा सापडला असेल तर त्याच्या आतली नावं शाबूत असतात, म्हणून आधी फोल्डर उघडून बघा.

चोपड्याकडच्या एका कापूस व्यापाऱ्याच्या मशीनवर हे झालं होतं. यूपीएसची बॅटरी वर्षभरापासून मेलेली, लाइट गेली की पट्‌कन बंद. पोरानेच -वाय मारलं होतं. लॉस्ट+फाउंडमध्ये शेकडो आकडे. तिथे "फाइल" नावाचीच एक कमांड उपयोगी पडते. ती नाव न बघता आतला मजकूर बघून प्रकार सांगते:

सुडो एसएच -सी 'फाइल /एमएनटी/लॉस्ट+फाउंड/*'

कुणापुढे जेपीईजी, कुणापुढे पीडीएफ, कुणापुढे "ओपनडॉक्युमेंट स्प्रेडशीट". पत्रके वेगळी काढली, एकेक उघडली. वजनकाट्याच्या पावत्यांचं पत्रक #१ ने सुरू होणाऱ्या एका सहा आकडी नावाखाली सापडलं, शेवटच्या दिवसाच्या नोंदी वगळून. त्या त्यांनी कागदी पावत्यांवरून पुन्हा भरल्या. सोबत शेवभाजीचं जेवण झालं, त्यामुळे ती संध्याकाळ लक्षात आहे.

एक्सएफएस, बीटीआरएफएस, विंडोजचं पार्टिशन, पेनड्राइव्ह: सगळ्यांना हेच?

नाही. एक्सएफएस आणि बीटीआरएफएस या लिनक्सवरच्याच वेगळ्या फाइल सिस्टिम आहेत. एक्सएफएसवर एफएससीके चालवली तर ती काहीच न करता "ठीक" म्हणून परतते. तिथे एक्सएफएस_रिपेअर लागतं, आणि त्याआधी पार्टिशन एकदा जोडून सोडायचं, म्हणजे कीर्द खतावणीत चढते. कॅपिटल एल हा पर्याय कीर्दच फाडून टाकतो. तो अगदी शेवटी.

बीटीआरएफएसमध्ये उलट शहाणपण आहे. तिथे "चेक" सोबत "रिपेअर" हा पर्याय सहसा वापरायचाच नाही, तसा इशारा ते साधन स्वतःच देतं. आधी स्क्रब, म्हणजे सगळा डेटा वाचून पडताळणी, चालवा, डेटा बाहेर काढा.

विंडोजच्या एनटीएफएससाठी एनटीएफएसफिक्स किरकोळ गोष्टीच करतं. खरी दुरुस्ती विंडोजमधल्या चेकडिस्कने. बऱ्याचदा बिघाडही नसतो, विंडोज फास्ट स्टार्टअपमुळे अर्धवट झोपलेलं असतं. पेनड्राइव्हसाठी एफएससीके.व्हीफॅट -ए पुरतं.

दुरुस्ती झाली की नाही हे कसं कळतं?

कमांड संपल्यावर "एको $?" द्या. ० म्हणजे चूक नव्हती, १ म्हणजे होती आणि दुरुस्त झाली, २ म्हणजे मशीन पुन्हा सुरू करा, ४ म्हणजे काही राहिलं, ८ म्हणजे तपासणीच नीट झाली नाही. आकडे बेरजेतही येतात. १२ आलं तर ४ आणि ८. मी ० येईपर्यंत पुन्हा चालवतो. दोनदा चालवूनही दर वेळी नव्या चुका निघत असतील तर फाइल सिस्टिम सोडा, रॅम आणि डिस्क बघा.

किती वेळ लागतो? मध्येच लाइट गेली तर?

एसएसडीवर मिनिटभर, जुन्या मोठ्या हार्ड डिस्कवर लाखो फाइली असतील तर तासही. -सी ० लावलं, सी कॅपिटल, तर प्रगतीची पट्टी दिसते. दुरुस्ती चालू असताना लाइट गेली तर आधीपेक्षा वाईट अवस्था होऊ शकते. लॅपटॉप असेल तर बॅटरी भरून, डेस्कटॉप असेल तर यूपीएसवर, आणि यूपीएसची बॅटरी जिवंत आहे ना ते वायर काढून आधी बघून. भारनियमनाची वेळ ठाऊक असेल तर ती टाळून बसा.

पुन्हा पुन्हा हेच होतंय. काय करू?

यूपीएसची बॅटरी, साटा केबल, रॅम, या क्रमाने. रॅमसाठी मेमटेस्ट रात्रभर लावून ठेवा. आमच्याकडे आणखी एक कारण आहे: मे महिन्यात भुसावळ-जळगावात पारा ४५ च्या पुढे जातो, पत्र्याखालच्या ऑफिसात कॅबिनेट भिंतीला टेकून, आत कापसाचा भुगा. बहुतेक डेस्कटॉप हार्ड डिस्क ६० अंशांपर्यंतच चालवायच्या असतात. स्मार्टच्या तक्त्यात १९४ क्रमांकाला तापमान दिसतं, दुपारी तीन वाजता एकदा बघा.

कुठलं पार्टिशन कुठे जोडायचं ते लिहिलेल्या एफएसटॅब फाइलमधला प्रत्येक ओळीचा शेवटचा आकडाही तपासा. मूळ पार्टिशनला १, बाकींना २. तिथे ० असेल तर सुरू होताना तपासणीच होत नाही. आणि ईएक्सटी४ ठरावीक वेळा जोडल्यावर आपोआप तपासलं जाईल, हा जुना समज सोडा. आताच्या पार्टिशनवर ती मोजणी बंदच असते. हवी असेल तर:

सुडो ट्यून२एफएस -सी ३० /डेव्ह/एसडीए२

काहीच सापडलं नाही. आता?

त्या डिस्कवर काही लिहू नका, नवीन लिनक्सही टाकू नका. डीडीरेस्क्यूच्या प्रतीवर फोटोरेक चालवा. ते वही बघतच नाही, गोदामात शिरून माल ओळखतं, त्यामुळे नावं आणि फोल्डर परत येत नाहीत, फोटो आणि कागदपत्रं मात्र येतात. डिस्क टकटक आवाज करत असेल तर तेही करू नका. वीज काढा, पिशवीत घाला आणि प्रयोगशाळेत न्या. आम्ही दुकानात अशी डिस्क उघडत नाही, कुणी उघडून देतो म्हणाला तर त्यालाही देऊ नका.